गाडलेली नदी पुन्हा उघडी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ते, बाजार आणि वाहनतळ यांच्याखाली गेलेल्या नद्या व ओढे पुन्हा उघडे करण्याची कामे गेल्या चाळीस वर्षांत अनेक शहरांनी केली आहेत. इंग्रजीतून आलेला 'डेलायटिंग' हा शब्द त्यासाठी रूढ होत आहे. या कामांपैकी सर्वांत गाजलेले काम दक्षिण कोरियाच्या राजधानीतील, म्हणजे सोलमधील चंग्येचॉन या प्रवाहाचे आहे. त्याची छायाचित्रे आपल्याकडील नदीकाठ सुशोभीकरणाच्या चर्चांतही हटकून दाखवली जातात. त्या छायाचित्रांत जे दिसत नाही, त्याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. म्हणून पुढील उत्तरांत सोलचा आधार वारंवार घेतला आहे आणि जेथे दुसऱ्या शहराचा अनुभव अधिक बोलका आहे, तेथे त्या शहराकडे वळलो आहोत.

नदी 'गाडली' जाते म्हणजे नेमके काय होते?

याचे तीन प्रकार दिसतात आणि ते वेगळे ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढचा सारा खर्च व खटाटोप त्यावर ठरतो. पहिल्या प्रकारात पात्र जागेवरच असते, दोन्ही बाजूंना भिंती बांधून त्यावर स्लॅब टाकला जातो आणि वर रस्ता किंवा मंडई उभी राहते. दुसऱ्या प्रकारात प्रवाह पात्रातून काढून नळात किंवा पेटीसारख्या बंदिस्त गटारात घातला जातो. त्याचे वळण सरळ केले जाते आणि जुन्या पात्रावर भराव पडतो. तिसरा प्रकार सर्वांत अवघड आहे : त्यात नदीलाच शहराची मलवाहिनी करून टाकले जाते, त्यामुळे झऱ्याचे पाणी, पावसाचे पाणी आणि मैला एकत्र वाहू लागतात व त्यांना वेगळे काढायचे म्हटले, तर अख्ख्या वस्तीची ड्रेनेजव्यवस्था नव्याने मांडावी लागते. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. नकाशावरून प्रवाह पुसला गेला, तरी जमिनीचा उतार बदलत नाही आणि पावसाचे पाणी त्याच वाटेने यायचे थांबत नाही.

शहरांनी आपल्या नद्या मुळात झाकल्याच का?

त्या काळच्या लोकांना मूर्ख ठरवून हा प्रश्न सुटत नाही. उघड्या प्रवाहात शहराने मैला सोडला, चामडे कमावणाऱ्यांनी व रंगाऱ्यांनी आपले पाणी सोडले, रोगराई पसरली आणि झाकून टाकणे हाच आरोग्याचा उपाय वाटू लागला. पॅरिसमधील ब्येव्र ही छोटी नदी अशीच चर्मोद्योगाने व रंगकामाने काळवंडली आणि 1912 पर्यंत शहराच्या हद्दीत ती पूर्णपणे झाकली गेली. टोकियोने 1964 च्या ऑलिंपिकपूर्वीच्या घाईत अनेक लहान नद्यांवर झाकण टाकून त्या गटारव्यवस्थेला जोडल्या. मोटारगाडीचे युग आल्यावर आणखी एक कारण मिळाले : दाट वस्तीत भूसंपादन न करता मिळणारी सलग, रुंद आणि सरकारी मालकीची पट्टी म्हणजे नदीचे पात्र. आरोग्याचे कारण पुढे करून सुरू झालेले काम रस्त्याच्या सोयीसाठी पूर्ण झाले, असे अनेक शहरांच्या बाबतीत म्हणता येईल.

चंग्येचॉनचा इतिहास काय आहे?

जोसन राजवटीने हानयांग, म्हणजे आजचे सोल, राजधानी केल्यावर शहराच्या मध्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा प्रवाह शहराची मुख्य पावसाळी वाट बनला. 1411-12 च्या सुमारास राजा थेजोंग याने त्याचे पात्र खोदून, रुंद करून बांधून घेतले आणि तेव्हापासून त्याला 'गेचॉन', म्हणजे खोदून मोकळा केलेला प्रवाह, असे नाव पडले. म्हणजे ज्याला आज आपण 'नैसर्गिक नदी' म्हणून डोळ्यांसमोर आणतो, ती सहाशे वर्षांपूर्वीच माणसाच्या हाताखालून गेलेली होती. 1441 मध्ये राजा सेजोंगच्या काळात पाण्याची पातळी मोजण्यासाठी येथे मोजपट्टीचा खांब उभारला गेला आणि 1760 मध्ये राजा योंगजो याने साचलेला गाळ काढण्यासाठी फार मोठी मोहीम राबवली. डोंगरावरचे लाकूड तोडले जाई, माती खाली वाहून येई, पात्र उथळ होई आणि पावसाळ्यात घरांत पाणी शिरे, हे चक्र तेव्हाही होतेच.

कोरियन युद्धानंतर निर्वासितांच्या झोपड्या या काठांवर दाटीने उभ्या राहिल्या आणि प्रवाह उघडे गटार झाला. 1958 पासून त्यावर टप्प्याटप्प्याने काँक्रीटचे झाकण पडत गेले, झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना शहराबाहेर हलवण्यात आले आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून झाकणावर उन्नत मार्गही बांधण्यात आला. गरीब देश वर येत असल्याची खूण म्हणून त्या पुलाचे मोठे कौतुक झाले. पुढे 1990 च्या दशकात तपासणी झाली तेव्हा खालून वर येणाऱ्या वायूंनी काँक्रीट व सळया खाल्ल्याचे आढळले आणि अवजड वाहनांना बंदी घालावी लागली. ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे : दुरुस्तीचा प्रचंड खर्च तर होणारच होता, प्रश्न एवढाच होता की तो पूल टिकवण्यावर करायचा की प्रवाह उघडण्यावर. 2002 च्या महापौरपदाच्या निवडणुकीत ली म्युंग-बाक यांनी दुसरा पर्याय आपला मुख्य मुद्दा केला व ते निवडून आले. 1 जुलै 2003 रोजी काम सुरू झाले आणि 1 ऑक्टोबर 2005 रोजी सुमारे 5.8 किलोमीटर लांबीचा पट्टा लोकांसाठी खुला झाला. बांधकामातून गेलेले, एका मोठ्या बांधकाम कंपनीचे प्रमुख राहिलेले हे गृहस्थ पुढे 2008 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. सव्वादोन वर्षांची ही घाई राजकीय वेळापत्रकाला धरून होती, हे उघड आहे.

रोज लाखाहून अधिक वाहने जाणारा रस्ता काढल्यावर वाहतुकीची कोंडी झाली नाही का?

झाली नाही, निदान भाकीत केले होते तशी नाही. झाकणावरचा रस्ता आणि वरचा उन्नत मार्ग मिळून दिवसाला सुमारे 1,68,000 वाहने जात होती. ही सर्व वाहने शेजारच्या रस्त्यांवर येऊन आदळतील असे अनेकांना वाटत होते. पण त्यातील बऱ्याच फेऱ्या दुसऱ्या वेळी, दुसऱ्या मार्गाने किंवा दुसऱ्या साधनाने होऊ लागल्या. रस्ता वाढवला की वाहने वाढतात याचीच ही उलटी बाजू आहे.

परंतु येथे एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे हे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. सोलने 1 जुलै 2004 रोजी आपली बसव्यवस्था मुळापासून बदलली. रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका केल्या, बसमार्गांची नव्याने रचना करून त्यांना रंगांप्रमाणे ओळख दिली आणि बस व मेट्रो मिळून अंतराप्रमाणे एकच भाडे आकारण्यास सुरुवात केली. मेट्रोचे दाट जाळे आधीपासून होतेच. ज्या शहरात बसची वाट पाहण्यात पाऊण तास जातो, त्या शहराने केवळ रस्ता काढून टाकला आणि सोलसारखा परिणाम मिळाला, असे होणार नाही.

आज चंग्येचॉनमध्ये वाहणारे पाणी कोठून येते?

हा प्रश्न प्रत्येक पुनरुज्जीवन प्रकल्पाला सर्वांत आधी विचारायला हवा आणि बहुधा तो सर्वांत शेवटी विचारला जातो. चंग्येचॉन हा मुळात पावसाळी प्रवाह होता. कोरियातील बहुतांश पाऊस उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत पडतो, त्यामुळे एरवी पात्र कोरडे किंवा डबक्यांपुरते ओले असे. त्यातच वरच्या अंगाचे त्याचे उपप्रवाह शहराखाली झाकलेलेच राहिले आणि सभोवतालची जमीन डांबर व काँक्रीटने इतकी व्यापली गेली की पावसाळ्यानंतर पाझरून येणारे पाणी जवळजवळ उरले नाही. परंतु लोकांना बारमाही खळाळणारा प्रवाह दाखवायचा होता. म्हणून दररोज सुमारे 1,20,000 टन पाणी पंपाने उचलून वरच्या टोकाला सोडले जाते. त्यातील मोठा वाटा सोलमधून वाहणाऱ्या मोठ्या हान नदीतून येतो, तर उरलेले पाणी भुयारी मेट्रो स्थानकांत झिरपणारे भूजल असते, जे एरवीही उपसून टाकावेच लागते. सुरुवातीच्या चौकात जो धबधबा दिसतो, तो या पंपांचा आहे.

टीकाकारांनी याला आडवे घातलेले कारंजे म्हटले आणि ती टीका अगदीच निराधार नाही. पंप थांबले तर पाणी थांबेल. विजेचे देयक दरमहा येत राहील. तरीही ही टीका अर्धवट वाटते, कारण शहराच्या गाभ्यातील लाखो लोकांना पायी जाता येईल असा पाण्याचा काठ मिळाला, हा लाभ खराच आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर चंग्येचॉन हे उत्तम सार्वजनिक स्थळ आहे आणि अर्धीमुर्धी नदी आहे. याला 'पुनरुज्जीवन' हा शब्द वापरताना थोडे थांबावेसे वाटते. नदी उघडी करणे म्हणजे तिच्यावरचे झाकण काढणे. ती जिवंत करणे म्हणजे तिचा उगम, तिचे उपप्रवाह, तिचा पाझर आणि पावसाळ्यात पसरण्याची तिची जागा परत करणे. पहिले काम दोन वर्षांत होऊ शकते. दुसऱ्याला एक पिढी लागते आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही.

आणि मैलापाणी? ते कोठे गेले?

सोलमध्ये प्रवाहाच्या दोन्ही बाजूंना, रस्त्याखाली, अडवून वळवणाऱ्या वाहिन्या बांधल्या गेल्या. कोरड्या दिवसांत वस्तीचे सांडपाणी व पहिल्या पावसाचे घाण पाणी त्यांतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. मात्र जुन्या शहरात मैला व पावसाचे पाणी एकाच वाहिनीत वाहते, त्यामुळे जोराचा पाऊस आला की या वाहिन्या भरतात, काठाच्या भिंतीतील झडपा पाण्याच्या दाबाने उघडतात आणि मिश्र पाणी प्रवाहात उतरते. अशा वेळी लोकांना तातडीने वर काढून प्रवाह बंद केला जातो आणि काही वेळा नंतर मेलेले मासेही आढळतात.

झ्यूरिकने याच गाठीला उलट बाजूने हात घातला. तेथे डोंगरउतारावरून येणारे स्वच्छ ओढे शहरात शिरल्यावर गटारांत सोडलेले होते, म्हणजे निर्मळ पाणी मैल्यात मिसळून पुन्हा पैसे खर्चून शुद्ध केले जात होते. 1988 मध्ये शहराने ओढ्यांचे धोरण आखले आणि गल्लीबोळांतून, शाळांच्या आवारांतून, घरांच्या रांगांमधून हे ओढे उघड्या पात्रात आणले. आजवर वीस किलोमीटरांच्या आसपास लांबी उघडी झाली आहे. ना धबधबा, ना दिव्यांची रोषणाई, काही ठिकाणी तर दोन मीटर रुंदीचा झुळझुळता ओहोळ. धोरणामागचा युक्तिवाद सौंदर्याचा जितका होता तितकाच हिशेबाचाही होता : शुद्धीकरण केंद्रावरचा भार कमी होतो. मला विचाराल तर आपल्या महापालिकांनी अभ्यासदौरा सोलऐवजी झ्यूरिकला काढावा.

नदी उघडली तर पुराचा धोका वाढत नाही का?

सामान्यतः कमी होतो, पण अट आहे. बंदिस्त नळाची वहनक्षमता ठरलेली असते. त्याच्या तोंडाशी प्लॅस्टिक, फांद्या, गाद्या अडकल्या की पाणी रस्त्यावर येते आणि आत काय अडले आहे हे पावसात कोणालाच दिसत नाही. उघड्या पात्रात पाण्याला वर चढायला जागा असते, अडथळा डोळ्यांना दिसतो आणि गाळ काढायला यंत्र उतरवता येते. चंग्येचॉनचे पात्र दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा विचार करून आखले आहे. म्हणूनच काठावरील पायवाटा रस्त्यापेक्षा खूप खाली आहेत आणि पुरात त्या बुडणे हेच अपेक्षित आहे. अट अशी की उघडलेल्या पात्राला झाकलेल्या पात्रापेक्षा अधिक जागा मिळाली पाहिजे. स्लॅब काढला, पण दोन्ही काठांना उंच भिंती बांधून त्यामागची मोकळी जमीन विकून टाकली, तर केवळ गटाराचे झाकण निघाले असे म्हणावे लागेल.

झाडे, मासे, पक्षी खरोखर परततात का? हवा थंड होते का?

होय, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. चंग्येचॉनमध्ये 2003 ते 2008 या काळात माशांच्या नोंदलेल्या जाती 4 वरून 25 वर आणि पक्ष्यांच्या 6 वरून 36 वर गेल्या. आधी तेथे काँक्रीटच्या झाकणाखालचा अंधार होता हे ध्यानात घेतले की या वाढीचे आश्चर्य थोडे कमी होते, शिवाय काही झाडे व मासे मुद्दाम आणून सोडलेलेही होते. उन्हाळ्यात काठावरचे तापमान काही अंतरावरील समांतर रस्त्यापेक्षा 3.3 ते 5.9 अंश सेल्सिअसने कमी नोंदले गेले. न्यूयॉर्कच्या उत्तरेला असलेल्या यॉन्कर्स शहरात सॉ मिल नदी 1920 च्या दशकात झाकून तिच्यावर पुढे वाहनतळ केला होता. 2011 च्या अखेरीस तिचा एक तुकडा उघडण्यात आला तेव्हा माशांना वर चढता यावे म्हणून पायऱ्यांसारखी रचना केली गेली आणि समुद्रातून येणारे अमेरिकन ईल मासे भर शहरातल्या त्या तुकड्यात दिसू लागले. एक तुकडा उघडून काय होणार, असे विचारणाऱ्यांना ईल हे उत्तर आहे.

काठावरचे व्यापारी, फेरीवाले आणि रहिवासी यांचे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर पर्यटनपुस्तिकांत मिळत नाही. चंग्येचॉनचा परिसर म्हणजे लहान कारखाने, अवजारे, विजेचे सुटे भाग, कापड, जुन्या वस्तू आणि जुनी पुस्तके यांचा दाट बाजार होता. उन्नत मार्गाच्या सावलीत शेकडो फेरीवाले बसत. शहराच्या नोंदीप्रमाणे व्यापाऱ्यांबरोबर 4,000 हून अधिक बैठका झाल्या. रोख भरपाई द्यायची नाही असे ठरवून त्याऐवजी माल उतरवण्याच्या जागा, वाहनतळ, कर्जाची सोय आणि शहराच्या आग्नेय भागात नवे व्यापारी संकुल असे पर्याय दिले गेले. ते संकुल, गार्डन फाइव्ह, उभे राहिले तेव्हा गाळ्यांची किंमत इतकी वाढलेली होती की ज्यांच्यासाठी ते बांधले, त्यांतील अनेकांना ते परवडले नाही. फेरीवाल्यांना दोंगदेमुनच्या जुन्या क्रीडांगणात जागा देण्यात आली. पुढे 2007 मध्ये ते क्रीडांगणही पाडायला काढले आणि तेथे आज प्रसिद्ध असलेले डिझाइन केंद्र बांधले गेले. त्यामुळे ज्यांना एकदा उठवले होते त्यांना पुन्हा उठावे लागले.

काठावरच्या जमिनींचे भाव झपाट्याने वाढले आणि काम सुरू असतानाच, इमारतींच्या उंचीची मर्यादा शिथिल करण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून शहराच्या एका उपमहापौराला अटक झाली. यावरून प्रकल्प वाईट होता असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण नदी उघडली की तिच्या काठाची किंमत वाढते, ही वाढ कोणाच्या खिशात जाणार हे स्लॅब फोडण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे, भाडेकरूंसह, आणि ज्यांच्याजवळ जागेचा कोणताच कागद नाही त्यांच्यासह.

असे प्रकल्प फारच महाग नसतात का?

चंग्येचॉनवर सुमारे 390 अब्ज वॉन खर्च झाला, म्हणजे तो महागच होता. परंतु हे माप सर्वांना लावू नये. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 1984 मध्ये बंद पडलेल्या रेल्वे यार्डाच्या जागी बाग करताना स्ट्रॉबेरी क्रीकचा सुमारे साठ मीटरांचा तुकडा नळातून बाहेर काढला गेला. या प्रकारच्या कामांत तो अगदी सुरुवातीचा मानला जातो. जेथे नळ जुना होऊन बदलायलाच आला आहे, तेथे नवा नळ टाकण्याच्या खर्चाशी तुलना करावी, शून्याशी नव्हे. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहराने 1970 च्या दशकात आपल्या मध्ययुगीन खंदकाचा एक भाग कोरडा करून तेथे रुंद मोटारमार्ग केला होता. 2002 मध्ये नागरिकांचे मत घेऊन तो काढण्याचे ठरले आणि पाण्याचे वर्तुळ 2020 च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण झाले. अठरा वर्षे लागली, पण स्थानक, बाजार व रस्ते यांच्या पुनर्बांधणीबरोबर काम सरकत राहिल्यामुळे खर्च विभागला गेला.

प्रत्येक गाडलेली नदी उघडता येते का?

नाही. लंडनमधील फ्लीट नदी याचे ठळक उदाहरण आहे. हॅम्पस्टेड टेकडीवर तिच्या उगमाकडची तळी आजही पोहण्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण खाली शहरात ती एकोणिसाव्या शतकातील मलवाहिन्यांच्या जाळ्यात पूर्णपणे विणली गेली आहे आणि रस्त्याच्या बरीच खाली आहे. क्लार्कनवेल भागात एका पबसमोरच्या जाळीला कान लावला तर तिचा आवाज ऐकू येतो, एवढेच. जेथे प्रवाह फार खोल आहे, वर इमारतींचे पाये आहेत किंवा मैला वेगळा काढणे शक्य नाही, तेथे उघडण्याचा हट्ट न धरता पावसाचे पाणी वरच मुरवणे आणि नळाची क्षमता राखणे अधिक शहाणपणाचे. टोकियोने मधला मार्ग काढला : शिबुया स्थानकालगत नदीचा छोटा भाग 2018 मध्ये नव्याने मांडताना त्यात उच्च दर्जाचे शुद्ध केलेले सांडपाणी सोडण्यात आले.

डास, दुर्गंधी आणि कचरा यांचे काय?

डास साचलेल्या पाण्यात होतात आणि झाकलेल्या गटारातही पाणी अनेकदा साचते. वाहते पाणी, मासे आणि नियमित सफाई असेल तर ही भीती निराधार ठरते. मैला थांबला नसेल तर ती पूर्णपणे खरी ठरते.

महाराष्ट्रात अशा गाडलेल्या नद्या आहेत का?

आहेत आणि पावसाळ्यात त्या आपली आठवण करून देतात. नाशिकमध्ये सरस्वती नाला जुन्या गावठाणाखालून गोदावरीकडे जातो. जोराच्या पावसात सराफ बाजार व दहीपूल परिसरात रस्त्यावरून पाणी वाहू लागते, तेव्हा बातम्यांत दुकानदारांच्या नुकसानीची छायाचित्रे येतात, पण पाणी आपल्या मूळ वाटेने चालले आहे हे क्वचितच लिहिले जाते. पुण्यात आंबिल ओढ्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळातच शहराच्या पश्चिमेकडून वळवण्यात आले होते, म्हणजे ओढ्याची वाट बदलण्याचा इतिहास आपल्याकडेही जुना आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हाच ओढा कात्रजपासून खाली भिंती फोडत वाहिला आणि अनेकांचे प्राण गेले. त्याचा मोठा भाग झाकलेला नव्हता, आवळलेला होता. कधी कधी गाडणे असे दोन्ही बाजूंनी होते. मुंबईत मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून काढलेली आहे आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तिच्या काठी काय झाले हे मुंबईकरांना सांगायला नको.

आपल्याकडे नदीसाठी निळी व लाल पूररेषा आखली जाते, अनुक्रमे 25 व 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण ज्या ओढ्याची नोंद कागदावर 'नाला' किंवा 'गटार' अशी होते, त्याच्या वाट्याला ही रेषा क्वचितच येते. नाव बदलले की हक्क बदलतो. त्यामुळे उघडण्याच्या गोष्टी करण्याआधी, आज उघडे असलेले ओढे पुढच्या स्लॅबपासून वाचवणे हे स्वस्त आणि तातडीचे काम आहे.

आपल्या वस्तीखाली ओढा आहे हे कसे ओळखावे?

नावांपासून सुरुवात करावी. दहीपूल म्हणताना आज कोणाच्या डोळ्यांसमोर पूल येत नाही. पुण्यातील दारूवाला पूल नागझरी ओढ्यावर आहे हे त्यावरून रोज जाणाऱ्यांनाही सांगावे लागते. मुंबईत पायधुणी आणि उमरखाडी ही नावे खाडीचे पाणी कोठवर येत होते ते सांगतात. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयातील जुने नकाशे पाहावेत, कारण त्यांत ओढ्याची पट्टी कोणत्याही सर्व्हे नंबरात न मोडता वेगळी दाखवलेली असते. एरवी चौकोनी भूखंडांमध्ये मधूनच नागमोडी वळणाची गल्ली, दर पावसाळ्यात त्याच ठिकाणी साचणारे पाणी, उन्हाळ्यातही ओल धरणारे तळघर आणि भर वस्तीत उभा असलेला एखादा उंबर किंवा करंज, या सगळ्या खुणा आहेत. परिसरातील सत्तरी ओलांडलेल्या आजीला विचारले तर ती धुणे कोठे धूत असे ते नेमके दाखवते.

उघडण्याचे ठरल्यास पहिले काम कोणते?

एक वर्ष मोजणी करावी. कोरड्या ऋतूत प्रवाहात किती पाणी असते, त्यातले झऱ्याचे किती आणि मैल्याचे किती, कोणकोणत्या इमारतींच्या जोडण्या थेट त्यात सोडल्या आहेत, मोठ्या पावसात पातळी कोठवर चढते, हे कळल्याशिवाय आराखडा काढणे म्हणजे रोग्याला न तपासता औषध लिहून देणे होय. मोजणीनंतर मलवाहिन्यांचे काम, त्यानंतर काठावरच्या लोकांशी करार आणि सर्वांत शेवटी स्लॅब. प्रत्यक्षात अनेकदा क्रम उलटा असतो, कारण स्लॅब फोडतानाचे छायाचित्र चांगले येते आणि मलवाहिनीचे येत नाही.

सोलला जाण्याचा योग आल्यास काय पाहावे?

वरच्या टोकाच्या धबधब्यापाशी सर्वच थांबतात. तेथून खाली चालत गेल्यावर ग्वांगतोंग पूल लागतो. पंधराव्या शतकाच्या आरंभी एका राणीच्या थडग्याचे कोरीव दगड वापरून तो बांधला होता, ते नक्षीकाम आजही पुलाखालून दिसते. मूळ जागी वाहतुकीचा रस्ता असल्यामुळे तो थोडा वरच्या बाजूला सरकवून बसवला आहे. पुढे पूर्वेकडे काठ रुंदावतो, गवत वाढते, माणसे विरळ होतात आणि पाडलेल्या उन्नत मार्गाचे तीन खांब मुद्दाम ठेवलेले दिसतात. चालताना एकदा काठाच्या भिंतीकडे नीट पाहावे. ठरावीक अंतरावर तिच्यात बंद झडपा आहेत. कोरड्या दिवशी त्या भिंतीचाच भाग वाटतात, त्यांच्याखाली लोक पाण्यात पाय सोडून बसलेले असतात, आणि मागे, हाताच्या अंतरावर, जुने गटार वाहत असते.